यंत्राची सुधारणा आणि आमची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले आणि त्यानंतर जे काही शिकले ते चुलीपाशी आणि बाजारात. सेक्रेटरीबाई घरी आल्या तेव्हा मी म्हटले, “पापड-कुरडयांविषयी चार शब्द बोलेन.” त्या म्हणाल्या, “ते आम्हां सगळ्यांना येते. तुम्ही तुमच्या गाडीच्या यंत्राची हकीकत सांगा.” तेव्हा जे घडले ते घडले तसे सांगते. बोलण्यात काही कमीजास्त झाले तर पदरात घ्यावे.

आमचे घर भाड्याच्या गाडीवर चालते हे आपणांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे. आमचे हे कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाटाने चिपळूण अशा फेऱ्या मारतात. लग्नाचे वऱ्हाड, दवाखान्याचे रुग्ण, देवदर्शनाची मंडळी, जे मिळेल ते भाडे घ्यायचे. मोठे रस्ते यांच्या तळहातावर आहेत. पण डोंगरातल्या वाड्यावस्त्यांचे रस्ते कोणाला पाठ असणार? म्हणून चार वर्षांपूर्वी माझी भिशी लागली तेव्हा साडेचौदा हजार रुपये खर्चून गाडीत वाट दाखविणारे यंत्र बसविले.

कोणी म्हणेल, हल्ली हे काम मोबाइल फुकट करतो. खरे आहे, पण डोंगराआड गेले की मोबाइलची रेंज जाते. या यंत्राचा नकाशा त्याच्या पोटातच साठविलेला असतो. त्याला फक्त आकाशातील उपग्रहांची हाक ऐकू यावी लागते. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. ते आपल्याला वाट सांगत नाहीत, बरे का! ते फक्त आपली अचूक वेळ आणि आपला ठिकाणा सांगत असतात. निदान चार उपग्रहांची हाक आली म्हणजे ती पोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र हिशेब करते आणि आपण कोठे उभे आहोत ते ठरविते. ही व्यवस्था अमेरिकेची. आपल्या देशानेही २०१३ सालापासून स्वतःचे उपग्रह सोडून ‘नाविक’ नावाची व्यवस्था उभी केली आहे. हे सारे मला मुलाने समजावून सांगितले. तो डिप्लोमाला आहे.

यंत्राने चार वर्षे इमानाने काम केले. यांनी त्यात दोनशेवर जागा नोंदविल्या होत्या. अमुक वाडीचा फाटा, तमुक गावचा नवा पूल, रात्री उघडा असणारा पेट्रोल पंप. ती यांची कमाईच होती.

जून २०२४ मध्ये यंत्राच्या पडद्यावर रोज सकाळी एक पाटी येऊ लागली, ‘नवी सुधारणा आली आहे, घ्यावी’. मुलगा म्हणाला, “आई, याला फर्मवेअरचे अपडेट म्हणतात. यंत्राने कसे वागायचे याचे नियम त्याच्या पोटात लिहिलेले असतात. कंपनी ते नियम सुधारून पाठविते.” सुधारणा म्हटल्यावर वाईट कशाला असेल? रविवार, १६ जूनला सकाळी आम्ही ती घेतली. ९ वाजून १० मिनिटांनी सुरू झाली, ९ वाजून ५५ मिनिटांनी संपली. हे मी इतके नेमके कसे सांगते? तर गाडीच्या जमाखर्चाची वही मी ठेवते. डिझेल, टायर, फेरी, उधारी सगळे तीत लिहिते. त्या दिवशी लिहिले, ‘आज यंत्राला कंपनीचे औषध पाजले.’

औषध लागू पडले नाही. यंत्र चालता चालता आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागले. नोंदविलेल्या साऱ्या जागा पुसल्या गेल्या. नकाशा नवा होण्याऐवजी विकत घेतला त्या दिवसाचा झाला. मराठी बोलणारी बाई जाऊन तिच्या जागी इंग्रजी बाई आली. आणि तारीख पडली ३१ ऑक्टोबर २००४! वार मात्र बरोबर, रविवारच. सासूबाई म्हणाल्या, “अगं, त्या तारखेला तर हा नातू जन्मलाही नव्हता.”

वार बरोबर आणि साल चुकीचे, हे कोडे मुलाच्या मास्तरांनी उलगडले. त्यांच्या मते दोष बहुधा असा असावा. उपग्रह तारीख सांगत नाहीत, ६ जानेवारी १९८० पासून कितवा आठवडा चालू आहे तो आकडा सांगतात. हा आकडा १०२३ पर्यंतच जातो आणि मग पुन्हा शून्यावर येतो. आपल्या पंचांगात साठ संवत्सरे असतात ना, तसेच हे. प्रभवापासून क्षयापर्यंत गेले की पुन्हा प्रभव. शक लिहिला नसेल तर आजोबांचा प्रभव कोणता आणि नातवाचा कोणता, हे कसे कळणार? उपग्रहांचे असे फेरे १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये संपले. पुढचा २०३८ च्या नोव्हेंबरात संपेल. कोणता फेरा चालू आहे हे यंत्राच्या नियमांत लिहून ठेवावे लागते. सुधारणा करणाऱ्याने तेथे चूक केली की यंत्र नेमके १,०२४ आठवडे, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून थोडे अधिक, मागे जाते. आठवडेच मोजलेले, म्हणून वार चुकत नाही.

यावर आम्ही हसलो. पण पाचव्या दिवशी हसू मावळले.

२१ जूनला वटपौर्णिमा होती. दिवसभर पाऊस लागून राहिला होता. रात्री दहाच्या सुमारास पाटणच्या पलीकडच्या एका वाडीतून फोन आला. सूनबाईला कळा सुरू झाल्या होत्या. हे लगेच निघाले. जाताना विचारत विचारत पोचले. परत येताना गाडीत अडलेली बाई, तिची सासू आणि नवरा. काळोख असा की डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये. फाट्यावर यंत्र म्हणाले, डावीकडे वळा. पूर्वी तेच यंत्र उजवीकडे नव्या पुलावर नेत असे. पण नकाशा जुना झाल्यामुळे त्याच्या लेखी तो पूल नव्हताच. डावीकडे ओढ्यावरचा जुना बुटका फरशी पूल होता आणि त्यावरून पाणी वाहत होते. गाडीच्या दिव्यांत ते नुसते ओल्या रस्त्यासारखे चकाकत होते. गोठ्यावरून परतणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी बॅटरी हालवून आरडाओरडा केला म्हणून यांनी ब्रेक मारला. गाडी मागे घेऊन, फिरून येण्यात पाऊण तास गेला. बाईला दवाखान्याच्या दारात नेले आणि दहा मिनिटांत ती मोकळी झाली. आई व मुलगी सुखरूप आहेत, ही देवाची कृपा आणि त्या बाबांची.

हे घरी आले ते बोलेनात. त्यांनी चहाचा कप हातात धरला तर बशी वाजत होती. मी दिवसभर उपास करून वडाला फेरे घातले होते. पाण्यात जाता जाता कोण कोण वाचले हे ऐकले आणि माझ्या अंगाला कापरा सुटला.

पुढे काय झाले? त्या वाडीत बोलवा झाली की, ‘गाडीवाल्याने वाट चुकविली’. दोन नेहमीची भाडी तुटली. यंत्राला कोणी दोष देत नाही, बायांनो. दोष माणसाला येतो.

हे म्हणाले, “जाऊ दे, यंत्र काढून टाकू.” मी म्हटले, “भिशीचे पैसे माझे आहेत.” मी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, आम्ही विकले, सुधारणा आम्ही पाठविली नाही, कंपनीला फोन करा. कंपनीला फोन केला. एक दाबा, दोन दाबा, थांबा, पेटीवाजा ऐका. मग एक मुलगा बोलला. तो म्हणाला, यंत्र बंद करून सुरू करा. तसे सात वेळा केले. आठव्या वेळी म्हणाला, “तुम्ही सुधारणा चालू असताना गाडी बंद केली असेल.” मी वही उघडून मिनिटे वाचून दाखविली. तेव्हा त्याने विचारले, “घरात कोणी पुरुष आहेत का?” मी म्हटले, “आहेत. ते पावसात गाडी चालवीत आहेत. आपण माझ्याशीच बोला.” तो म्हणाला, मग दुकानातच न्या. दुकानदार म्हणाला, कंपनीलाच विचारा. लग्नघरी हरवलेल्या भांड्यासारखी माझी गत झाली. दोन्हीकडचे म्हणतात, हे आमचे नव्हे.

शेवटी मी पत्र लिहिले, माझ्या सातवीच्या मराठीत. त्यात तीनच गोष्टी लिहिल्या. यंत्र कधी व कितीला घेतले. सुधारणेनंतर तारीखवार काय काय झाले. आणि मला काय हवे. पंधरा दिवसांत यंत्र होते तसे करून द्या, नाहीतर पैसे परत करा, असे मागितले. पावतीची आणि पडद्यावरच्या चुकलेल्या तारखेच्या फोटोची प्रत जोडली, एक प्रत घरी ठेवली आणि पत्र रजिस्टर पोस्टाने कंपनीला व दुकानाला पाठविले. पंधरा दिवस कोणी हूं की चूं केले नाही. मग मी १९१५ या क्रमांकावर फोन केला. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. ते न्यायनिवाडा करीत नाहीत. पण तक्रार नोंदवून क्रमांक देतात आणि ती कंपनीकडे पाठवितात.

तीन आठवड्यांनी कंपनीचा फोन आला, आणि आता स्वर निराळा होता. पुण्याला यंत्र न्यावे लागले. त्यांनी नवी सुधारणा काढून पूर्वीचे नियम घातले, नवा नकाशाही फुकट भरून दिला. पण यांच्या दोनशे जागा गेल्या त्या गेल्याच. तुटलेल्या भाड्यांची भरपाई मी मागितलीच नव्हती, ती मिळाली नाही. पत्रात ते लिहावयास हवे होते, ही माझी चूक, आणि ती आपण करू नये म्हणून मुद्दाम सांगते.

आपल्यासारख्या साध्या माणसांनाच असे भोगावे लागते असे समजू नका. जून २०१६ मध्ये अमेरिकेत लेक्ससच्या भारी गाड्यांना दूरवरून चुकीची माहिती गेली आणि पुष्कळ गाड्यांचे पडदे सारखे बंद-चालू होऊ लागले. जानेवारी २०२२ मध्ये होंडाच्या कितीतरी जुन्या गाड्यांची घड्याळे वीस वर्षे मागे जाऊन २००२ सालात पोचली, आणि मालकांना ऑगस्टपर्यंत वाट पाहावी लागली.

मला यातून जे कळले ते विरजणाच्या उदाहरणाने सांगते. शेजारणीकडून विरजण आणले आणि ते नासके निघाले, तर सगळे दूध जाते. त्याचे पुन्हा दूध होत नाही. म्हणून शहाणी बाई आधी वाटीभर दुधाला विरजण लावून पाहते. कंपन्यांनीही आधी वाटीभर पाहावे आणि मग घरोघर वाटावे. सुधारणा मुळीच घेऊ नये असे मी म्हणत नाही. फेरा संपला की ती घ्यावीच लागते. पण घेण्याआधी आपल्या नोंदी कागदावर उतरवून ठेवाव्या, शक्य तर आठ-पंधरा दिवस थांबून इतरांचे काय झाले ते विचारावे, आणि लांबच्या फेरीच्या तोंडावर तर मुळीच घेऊ नये.

दुसरे, पावती. डाळीच्या डब्यात, देवाच्या मागे, कोठेही ठेवा, पण ठेवा. आपल्या देशात ग्राहकांसाठी १९८६ साली कायदा झाला, आणि आता त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आहे. सदोष वस्तूसाठी किंवा सेवेतील कसुरीसाठी जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आपला आयोग साताऱ्याला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मिक्सर असो, शिलाईचे यंत्र असो की मोबाइल, नियम हाच. मात्र पत्र पाठविल्याची पोस्टाची पावतीही जपावी.

तिसरे, वही. माझ्याजवळ शिक्षण नव्हते, ओळख नव्हती, पण ९.१० आणि ९.५५ हे दोन आकडे होते. त्यांच्यापुढे कंपनीच्या मुलाला बोलता आले नाही. आपण दुधाचा हिशेब लिहितो, धोब्याचा लिहितो. त्याच वहीत एक पान यंत्रांसाठी ठेवा. मंडळाला माझी विनंती आहे की, दर महिन्याच्या बैठकीत अर्धा तास अशा तक्रारींसाठी राखावा. जिला पत्र लिहिता येत नाही तिला दुसरीने लिहून द्यावे. मी स्वतः लिहून द्यायला तयार आहे.

हल्ली हे रात्री नव्या गावी निघाले की मी त्यांना एवढेच सांगते, “यंत्र काहीही म्हणो, फाट्यावर माणूस दिसला तर काच खाली करा आणि विचारा.” त्या वाडीच्या बाबांना आम्ही दिवाळीला फराळ घेऊन भेटून आलो. ती छोटीही पाहिली, गुटगुटीत आहे. आता यांनी यंत्रात पुन्हा जागा नोंदवायला सुरुवात केली आहे. पहिली नोंद त्या नव्या पुलाची आहे, आणि ती मी वहीतही उतरवून ठेवली आहे.