संगणकातील रोजमेळ आणि त्याची सुटी प्रत
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



दिवाळीत पूजनाच्या पाटावर लाल कापडी बांधणीची वही आजही मांडली जाते. तिच्या पहिल्या पानावर ‘शुभ लाभ’ लिहिले जाते आणि बहुतेक पेढ्यांवर ती वही पुढे वर्षभर कोरीच राहते. रोजमेळ, खतावणी, उधारी, मालाचा साठा हे सर्व केव्हाच संगणकात गेले आहे. गल्ल्याला कुलूप असते, गोदामाला शटर असते, कित्येक ठिकाणी दोहोंचा विमाही असतो. ज्या यंत्रात गावातील कोणाकडून किती येणे आहे याची नोंद आहे, ते मात्र टेबलाखाली धूळ खात असते आणि त्याच्या पासवर्डची चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवलेली असते. चोरीला गेलेला माल पुन्हा भरता येतो. उधारीची यादीच नाहीशी झाली, तर व्यापाऱ्याने कोणाकडे आणि किती मागायचे?

२७ जून २०१७ रोजी मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीवर आलेला प्रसंग लहान दुकानदारानेही लक्षपूर्वक समजून घ्यावा असा आहे. ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. होय, हिशेबाच्याच सॉफ्टवेअरमधून. मर्स्कच्या तेथील कार्यालयात ते वापरात होते, तेवढे निमित्त पुरले. पाहता पाहता जगभरातील कार्यालयांचे संगणक निकामी झाले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूह चालवत असलेल्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. पडद्यावर खंडणीची मागणी दिसत होती. परंतु पैसे भरल्यावर माहिती परत मिळावी, अशी सोय त्या प्रोग्राममध्ये नव्हतीच.

कंपनीच्या जाळ्यातील कोणाला कोठवर प्रवेश आहे, याची मूळ सूची सुमारे १५० सर्व्हरांवर ठेवलेली होती. एक बिघडला तर दुसरा आहेच, हा त्यामागचा विचार. पण ते सगळे एकमेकांशी अखंड जोडलेले असल्याने सगळे एकदमच गेले. वाचला तो घाना देशातील एकच, आणि तोही कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. हल्ल्याच्या आधी तेथे वीज गेली होती! त्यातील माहिती इंटरनेटवरून पाठवायला फार वेळ लागला असता, आणि तेथील कर्मचाऱ्यांजवळ ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर एक कर्मचारी नायजेरियाला गेला, विमानतळावर त्याने हार्ड डिस्क सहकाऱ्याच्या हाती सोपवली आणि ती इंग्लंडला पोहोचली. सुमारे १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करण्यात आले. कंपनीने नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर सांगितला.

दुकानाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट प्रतींची संख्या ही नाही. प्रत यंत्रापासून सुटी होती का, एवढेच पाहायचे. टॅलीचा बॅकअप रोज घेतला जातो असे जेथे छातीठोकपणे सांगितले जाते, तेथे चौकशी केल्यास तो पुष्कळदा त्याच संगणकाच्या ‘डी’ ड्राइव्हमध्ये सापडतो. काही ठिकाणी पेन ड्राइव्ह असतो, पण तो अष्टौप्रहर संगणकालाच लावलेला. खंडणीखोर प्रोग्राम शिरला तर मूळ नोंदींबरोबर या प्रतीही कुलूपबंद होतात. गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी आपोआप जाणाऱ्या प्रतीचा उपयोग आहेच. मात्र संगणकावरील बिघडलेली फाइलही तितक्याच तत्परतेने तेथे जाऊन बसते. जुनी आवृत्ती परत कशी काढायची, हे आधीच शिकून ठेवलेले बरे.

यावर उपाय खर्चिक नाही. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्याव्यात. संध्याकाळी हिशेब मिटल्यावर एकीवर प्रत घ्यावी, ती काढावी आणि घरी न्यावी. दुसऱ्या दिवशी दुसरी आणावी. दुकानात आग लागली, पाणी शिरले, तरी एक डिस्क घरी असतेच. बॅकअप घेतल्याचा संदेश पडद्यावर आला म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडावी आणि चार-पाच ग्राहकांच्या बाकी ताडून पाहाव्यात. ‘रिस्टोअर’ नेहमी रिकाम्या फोल्डरमध्येच करावे. चालू हिशेबावर केले, तर आजच्या नोंदींच्या जागी जुन्या येऊन बसतात. ही चूक घाईत सहज होते. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, हेही ध्यानात असावे. टॅली व्हॉल्टचा पासवर्ड विसरल्यास तो परत मिळवण्याचा मार्ग नाही. तो बंद पाकिटात तिजोरीत ठेवावा.

संगणकाच्या वयाकडेही पाहिले पाहिजे. विंडोज ७ च्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ ज्या छिद्रातून शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती बसवण्याचा कंटाळा अनेकांना भोवला. फुकट मिळालेली ‘क्रॅक’ केलेली सॉफ्टवेअरे तर पेढीवर नकोतच.

मुनीमजींचा विषय नाजूक आहे. पेढीत दोन पिढ्या काम केलेल्या माणसावर अविश्वास दाखवायचा कसा? परंतु प्रत्येकाचे स्वतंत्र युजरनेम ठेवणे हा अविश्वास नव्हे. उलट चूक कोणाकडून झाली हे स्पष्ट दिसते आणि निर्दोष माणसावर बोट रोखले जात नाही. जीएसटी पोर्टलवर आणि बँकेत मालकाचाच मोबाइल क्रमांक नोंदवलेला असावा. कित्येक ठिकाणी तो नोकरी सोडून गेलेल्याचा निघतो. ईमेलला दुहेरी पडताळणी लावावी, कारण बाकीचे बहुतेक पासवर्ड त्याच वाटेने बदलता येतात.

फसवणुकीसाठी यंत्र फोडावेच लागते असेही नाही. जुन्या पुरवठादाराच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले’ असे पत्र आले, तर त्या पत्रातील नव्हे, स्वतःजवळच्या जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. काउंटरवरील क्यूआर कोड सकाळी एकदा आपल्याच मोबाइलवर स्कॅन करून नाव पाहावे. त्यावर दुसरा चिकटवलेला असू शकतो. बँकेचा माणूस म्हणून कोणी एनीडेस्कसारखे ॲप घ्यायला सांगितले, तर फोन तेथेच ठेवावा.

इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजेपोटी संध्याकाळपर्यंत थांबू नये. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ती अडवायची असते. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. तेव्हा व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचे नाव विचारले जाते. संगणक बंद पडलेला असेल, तर खाते क्रमांक आणि बँकेचा दूरध्वनी कोठून शोधणार? म्हणून ही माहिती एका कागदावर हाताने लिहून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी. पूजनाच्या कोऱ्या वहीचे एक पान त्यासाठी खुशाल वापरावे.