मशीन सर्वांचं, किल्ली एकाची

(मंडळाच्या सभागृहात बाग समितीतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणेशोत्सवातलं भाषण म्हणजे संतांवर, इतिहासावर नाहीतर गाण्यावर. यंदा कार्यकारिणीनं आम्हाला सांगितलं, तुमच्या त्या फांद्या चिरडणाऱ्या मशीनबद्दल बोला. महिन्यातून एका रविवारी ते वाजतं, आवाजाबद्दल बोलणी आम्हीच खातो, तेव्हा उत्तरही आम्हीच द्यावं हे बरोबर आहे. बाग समितीचे आम्ही पाच जण. बोलणं सगळ्यांनी मिळून तयार केलं आहे, वाचणारा फक्त एक आहे.

आधी हे सांगायला हवं की आपल्या आजोबांना असल्या मशीनची गरज का पडली नाही. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि तिचंच लष्कर झालं. त्या लष्करातल्या मराठी वाड्यांतून झाडं होतीच. कडुनिंब, बेल, पारिजातक, मागच्या अंगणात पेरू. पण फांद्यांचा कचरा कधी झाला नाही, कारण घरोघर तांब्याचा बंब होता. ग्वाल्हेरच्या पौष-माघातल्या थंडीत दहा माणसांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं म्हणजे रोज टोपलीभर काटक्या लागत. बंबातून उरलेलं होळीला जाई. आता बंब शोकेसमध्ये किंवा कबाड्याकडे गेले, गीझर आले, वाड्यांच्या जागी इमारती झाल्या. झाडं मात्र फांद्या टाकायची थांबली नाहीत. मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ, मे-जूनमध्ये आंधी, मग पावसाळ्यापूर्वी तारांखालच्या छाटणीचा ढीग, आणि भाद्रपदात मांडवासाठी आपण स्वतः केलेली छाटणी. हे सगळं जायचं कुठे?

बरीच वर्षं ते काडेपेटीनं संपत होतं. कोपऱ्यात ढीग, संध्याकाळी आग, रात्रभर धूर. हिवाळ्यात हा धूर वर जात नाही, धुक्यात मिसळून तळमजल्याच्या खिडक्यांशी बसून राहतो. 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेनं शहरांची यादी काढली, तेव्हा अतिसूक्ष्म धुळीच्या वार्षिक सरासरीत ग्वाल्हेर जगात दुसऱ्या क्रमांकावर होतं, घनमीटरला 176 मायक्रोग्रॅम. ते सगळं काही आपल्या पाचोळ्यामुळे नव्हतं. वाहनं आहेत, रस्त्यांची धूळ आहे, आजूबाजूच्या शेतांतली आग आहे. पण रस्त्यावरची धूळ आपल्या हातात नव्हती, आपला ढीग होता. त्याच वर्षी घनकचरा नियम आले. बागेचा कचरा ज्यानं त्यानं आपल्या आवारात वेगळा ठेवावा आणि सार्वजनिक जागी जाळू नये, असं त्यांत स्पष्ट होतं. आपल्यातल्या दोघा-तिघा ज्येष्ठांना डिसेंबर लागला की नेब्युलायझर घेऊन बसावं लागतं. मंडळाच्या सभेत नियमापेक्षा त्यांच्या खोकल्याचा परिणाम जास्त झाला, हे इथे नमूद करतो.

वर्गणी झाली आणि चिपर आला. ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो की गावाकडच्या कडबाकुट्टीचाच हा थोराड भाऊ. एक जड लोखंडी चकती, तिच्यावर दोन पाती, समोर एक स्थिर पट्टी. फांदी तोंडातून आत सरकते, पातं आणि पट्टी यांच्यामध्ये कापली जाते, आणि दुसऱ्या नळीतून चुरा बाहेर फेकला जातो. चकतीला फिरवतं 196 सीसीचं फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, मध्ये व्ही-बेल्ट. विजेवरचं का नाही, असं पुष्कळांनी विचारलं. घरच्या कनेक्शनवर चालणाऱ्या लहान मोटरीला अंगठ्याएवढी फांदी ठीक, मनगटाएवढी झेपत नाही. मोठ्या मोटरीला थ्री-फेज हवं. शिवाय झाडं आवाराच्या टोकाला, आणि ओल्या गवतातून पन्नास मीटर वायर ओढणं आम्हाला पटलं नाही. पेट्रोलचाही धूर होतोच, तासाला दीड लिटरच्या आसपास जळतं. पण जो ढीग दोन रात्री धुमसायचा तो तासाभरात संपतो.

घेणं सोपं होतं. सामाईक वस्तूची बारभाईच्या शेतीसारखी गत होते हे आपल्याला नवीन नाही. मंडळाचा जुना लाउडस्पीकर आणि मोठी पातेली आठवा. पातेलं हरवलं तर दुसरं आणता येतं. या मशीनमध्ये हात जाऊ शकतो. म्हणून पहिल्या दिवसापासून आम्ही एक वही आणि एक किल्ली ठेवली. वहीत तारीख, किती तास चाललं, कोणी चालवलं, काय खुट्ट झालं. किल्ली एकाच माणसाकडे. बाकी सगळी निगा या वहीतूनच निघते, कारण इंजिनाचं वय किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात.

तेलाचं घ्या. नव्या इंजिनाचं पहिलं तेल 20 तासांनी किंवा महिन्यानं बदलायचं, पुढे दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. आपलं मशीन वर्षाला 100 तास चालत नाही, म्हणजे सहा महिन्यांचा हिशेब आला. तो लक्षात कसा ठेवायचा? समितीतल्या एका काकूंनी सुचवलं, गुढीपाडवा आणि खंडेनवमी. दोन्हींमध्ये साधारण सहाच महिन्यांचं अंतर आहे, आणि खंडेनवमीला आयुधांची पूजा करायचीच असते. तेव्हापासून वर्षातून दोनदा, इंजिन थोडं चालवून कोमट करायचं, जुनं तेल गाळून घ्यायचं, नवं 600 मिली भरायचं, मग हळदकुंकू. काळं तेल गटारात ओतायचं नाही. डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्यायचं, तो ते पुढे पाठवतो.

एअर फिल्टर मात्र सणांवर सोडून चालत नाही. पुस्तिका सांगते 50 तास. ग्वाल्हेरची धूळ बघता आम्ही प्रत्येक खेपेनंतर उघडतो. लाकडाचा भुसा आणि उन्हाळ्यातली माती मिळून स्पंजावर थर बसतो, इंजिन गुदमरतं, काळा धूर टाकतं, आणि मग लोक कार्बोरेटरला दोष देतात. स्पंज साबणाच्या पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा, थोडं इंजिन ऑइल लावून पिळून बसवायचा. एकदा पावसाळ्यानंतर झाकण उघडलं तर स्पंज नाहीच. गणपतीच्या वाहनानं तो कुरतडून आत मऊ घरटं केलेलं. तेव्हापासून मशीन मांडवाच्या कापडांच्या खोलीत ठेवत नाही, पत्र्याच्या पेटीत ठेवतो.

सगळ्यात जास्त त्रास देतं ते पेट्रोल, आणि तेही मशीन बंद असताना. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांची मर्यादा दिली आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. श्रावणातल्या दमट हवेत महिनाभर टाकीत राहिलं तर पाणी खाली बसतं, कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट राळ होते, आणि ऐन गरजेच्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. उपाय सोपा आहे. लागेल तेवढंच, ताजं, धातूच्या डब्यात आणायचं. काम संपत आलं की पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. टाकीतलं उरलेलं कोणाच्या तरी स्कूटरमध्ये. रबरी नळी कडक झाली, भेगा पडल्या की लगेच बदलायची. इंजिन गरम असताना पेट्रोल ओतायचं नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

पात्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण मशीनचा जीव तिथे आहे. धार गेली हे चुऱ्यावरून कळतं. कापलेले स्वच्छ तुकडे यायच्या ऐवजी सालीच्या लांब दोऱ्या यायला लागल्या, फांदी आत ओढली न जाता थरथरायला लागली, की पाती काढायची. धार लावणारा मिस्त्री असा हवा की जो घाई करत नाही. कोरड्या दगडावर दाबून धरलं की पातं निळं पडतं, त्याचं पाणी उतरतं, आणि मग ते आठवड्यात बोथट होतं. दोन्ही पाती सारखीच घासली पाहिजेत. एक हलकं, एक जड झालं तर मिनिटाला हजारो फेरे घेणारी चकती डगमगते आणि बेअरिंग खाते. आम्ही वाण्याच्या तराजूत तोलून घेतो. परत बसवताना पातं आणि स्थिर पट्टी यांच्यातली फट साधारण एक मिलिमीटर ठेवायची असते. फीलर गेज असेल तर उत्तम, नसेल तर जाड लग्नपत्रिका दुमडून आम्ही काम भागवतो. या कामासाठी आपल्याकडे पत्रिकांची टंचाई नाही. बेल्ट लोहिया बाजारात मिळतो, जुना सोबत नेला म्हणजे झालं.

आता हाताचं. मळणीयंत्रांत इतके हात गेले की 1983 साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांचा कायदाच करावा लागला. चिपर त्याच जातीचा आहे. इंजिन बंद केल्यावर चकती लगेच थांबत नाही, वजनामुळे फिरत राहते, आणि आवाज थांबलेला असल्यामुळे माणसाला वाटतं की आता हात घालावा. अपघात त्या क्षणी होतो. म्हणून आपला नियम असा की अडकलं तर इंजिन बंद, चकती पूर्ण थांबलेली डोळ्यांनी बघायची, स्पार्क प्लगची टोपी काढायची, आणि मग लाकडी काठीनं मोकळं करायचं. तोंडात फांदी ढकलायची तीही काठीनंच, समोर नव्हे, बाजूला उभं राहून. उपरणं, गमछा, ओढणी, सैल बाही, सैल हातमोजे, बांगड्या, काहीही लोंबतं चालणार नाही. डोळ्यांवर चष्मा, कानांवर झाकण. एकट्यानं कधीही चालवायचं नाही. आपल्या माळीदादांना हे सगळं तीन रविवार शेजारी उभं राहून शिकवलं, त्यांना वेगळे बूट आणि चष्मा मंडळाच्या खर्चानं दिला. त्यांचा हात गेला तर त्यांचं घर बसेल, आपलं नाही, म्हणून ही जबाबदारी आपली जास्त.

वेळ सकाळी दहा ते बारा. दुपारची वामकुक्षी ही ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची शेवटची संस्थानी सवलत आहे, ती आम्ही काढून घेणार नाही.

गणपतीच्या दिवसांत विचारणा होते की निर्माल्य आणि केळीचे खांब यातून काढा. केळीचे खांब नाहीत. त्यांचे धागे चकतीच्या दांड्याला गुंडाळतात आणि बेल्ट जळतो; ते कोयत्यानं तोडून खड्ड्यात. नारळाच्या झावळ्यांचं तेच. हारांतला दोरा, जर, थर्माकोल आधी हातानं वेगळं करायचं. आणि वाहिलेली फुलं मशीनमध्ये घालू नयेत असं काही आजींचं म्हणणं होतं. आम्हालाही ते आवडलं. दूर्वा आणि फुलं तशीही लवकर कुजतात, त्यांना पात्याची गरज नाही.

चुऱ्याचं काय होतं? ताजा चुरा मातीत मिसळू नका, कुजताना तो मातीतलं नत्रच खातो आणि रोप पिवळं पडतं. वरून दोन-तीन इंच पसरा, बुंध्यापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी घराचा रस्ता शोधते. खत करायचं असेल तर शेण हवं. आम्ही गोशाळेतून आणतो, थर देतो, ओल ठेवतो. मे महिन्यात चुरा घातलेल्या कुंड्यांना एक दिवसाआड पाणी पुरलं, हे पुष्कळ वहिनींनी स्वतः पाहिलं आहे.

शेवटचा विषय थोडा अप्रिय. पलीकडच्या एका वसाहतीनं मशीन मागून नेलं, मांडवाचे बांबू खिळ्यांसकट आत घातले आणि पातं तोडून परत केलं. तुकडा कोणाला लागला नाही, हे दैव. त्यानंतर ठरलं की मशीन एकटं कुठेही जाणार नाही. आमच्यापैकी दोघं सोबत असतील तरच. काहींना हा कंजूषपणा वाटला. आम्ही त्यावर ठाम आहोत.

पण सोबत जाणारे दोघं कोण? आम्हा पाचांपैकी तिघं सत्तरीपुढचे, एकाच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. आपली मुलं पुण्याला, बेंगळुरूला, गुडगावला. वही व्यवस्थित आहे, किल्ली खिळ्याला आहे, ती घेणारा हात हवा. सुनांनी, मुलींनी यावं. दोरी ओढायला ताकदीपेक्षा पद्धत लागते, ती आम्ही दाखवू. या खंडेनवमीला सकाळी आठ वाजता, मागच्या कडुनिंबाखाली तेल बदलणार आहोत. जुने कपडे घालून या. चहा आणि पोहे समितीकडून.