अळीच्या पाठीवरची केमिकल फॅक्टरी

आजचा विषय छोटा आहे, अक्षरशः छोटा. युरोपात पॉप्लर आणि विलोच्या झाडांवर लाल पंखांचा एक भुंगेरा असतो, क्रायसोमेला पॉप्युली. विलो म्हणजे आपल्याकडच्या ओढ्याकाठच्या वाळुंजाचा नातेवाईक. पण आज भुंगेरा नाही, त्याची अळी. मऊ अंग, उडता येत नाही, धड पळता येत नाही आणि दिवसभर उघड्या पानावर खात बसलेली. मुंग्यांसाठी वाढून ठेवलेलं ताटच की!

आता तिला काडीने टोचा. पाठीवर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ थेंब वर येतात, कडू बदामासारखा उग्र वास सुटतो आणि मुंगी मागे फिरते. धोका टळला की अळी ते थेंब चक्क परत आत ओढून घेते. काही वाया घालवायचं नाही!

हे रसायन म्हणजे सॅलिसिलाल्डिहाइड. गंमत अशी, की त्याचा कच्चा माल झाडाचाच. पानांत सॅलिसिन नावाचं कडू द्रव्य असतं. विलोच्या सालीतलं हेच सॅलिसिन अ‍ॅस्पिरिनच्या गोष्टीत पहिल्या पानावर येतं. त्याच्या रेणूला साखर जोडलेली असते आणि तोवर ते बरंचसं शांत असतं. अळी ते तसंच पॅकबंद आतड्यातून रक्तात आणि रक्तातून पाठीवरच्या ग्रंथींत नेते. तिथल्या पिशवीत एक एन्झाइम साखर तोडतं, दुसरं उरलेल्या भागाचं ऑक्सिडेशन करतं. झालं, विष तयार. सुटलेली साखर अळीच्याच पोटापाण्याला.

मग अळीला स्वतःला का बाधत नाही? कारण ती पिशवी म्हणजे कातडीचीच आत गेलेली घडी, आतून क्युटिकलचं अस्तर असलेली. विष तयार होतं ते खरं तर शरीराच्या ‘बाहेर’. आम्ही सॉफ्टवेअरवाले भरवसा नसलेला कोड सँडबॉक्समध्ये चालवतो ना, तसंच काहीसं.

या सगळ्या साखळीत मला सगळ्यात भारी वाटतो तो ग्रंथीच्या दारावरचा हमाल. जर्मनीतल्या येना शहरात मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी 2013 मध्ये सॅलिसिन ग्रंथीत पोचवणारं एक वाहक प्रोटीन शोधलं. त्याचा जीन त्यांनी गप्प केला. अळी खात होती, वाढत होती, पण सॅलिसिलाल्डिहाइड गायब! एक प्रोटीन बंद आणि अळी निःशस्त्र.

बरं, शस्त्र शाबूत असलं तरी सगळेच शत्रू पळत नाहीत हं. अशाच विलोवरच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या खाणारी एक हॉवरफ्लाय आहे, पॅरासिर्फस निग्रिटार्सिस. तिच्या अळीला हा वास आला की ती उलट त्याच्याच मागावर निघते. मुंगीला जो ‘लांब राहा’ वाटतो, तो हिच्यासाठी जेवणाचा पत्ता. आणि आईने आधीच सोय करून ठेवलेली असते: अंडी घालते तीच भुंगेऱ्याच्या अंड्यांच्या शेजारी.