करवतीपुढचे हात



या व्यासपीठावरून विद्वान बोलतात. आम्ही चार बुके वाचली ती युनियनच्या कचेरीत, आणि तीही कायद्याची. तेव्हा आमचा विषयही तसाच साधा आहे: यंत्रावरची गोल करवत आणि तिच्यापुढे जाणारी बोटे. आपल्या घरातली चौकट, पलंग, देवाचा पाट, सारे एकदा या करवतीवरून गेलेले असते.

बारा इंची पाते मिनिटाला २८०० फेरे घेते, तेव्हा त्याचे दाते सेकंदाला सुमारे ४५ मीटर धावतात. हात मागे घ्यावा हे मनात येण्यापूर्वीच बोट गेलेले असते. पण लोक समजतात तसे ते दर वेळी नजर चुकल्यामुळे जात नाही. ओले किंवा पिळाचे लाकूड चिरताना चीर मागून मिटू लागते. पात्याला चिमटा बसतो, मागच्या बाजूने वर येणारे दाते फळी उचलून कामगाराच्या अंगावर फेकतात, आणि फळीवर टेकलेल्या हाताचा आधार सुटून तो पात्यावर पडतो. उपाय जुनाच आहे. पात्याच्या पाठीमागे, त्याच्याच रेषेत एक पोलादी पट्टी बसवायची. ती चिरेत शिरते आणि चीर मिटू देत नाही. पात्यावर झाकण, आणि शेवटचा वीतभर तुकडा पुढे सारायला खाचेची काठी. काठी तर वखारीतल्या टाकाऊ लाकडातूनच निघते! हातमोजे मात्र नकोत. मोजा दात्यांत अडकला की हात ओढला जातो.

मग ही पट्टी, हे झाकण असते कोठे? बहुधा कोपऱ्यात, भुशाखाली. उक्त्या कामात झाकणाने नजर अडते, हात मंदावतो. मालक 'काढून टाक' असे तोंडाने म्हणत नाही. तो फक्त संध्याकाळी किती फूट चिरले ते मोजतो.

१९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट होते. कमावण्याची ताकद किती गेली, ते त्यात बोटागणिक लिहिले होते: अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७. सुताराची तर्जनी गेली म्हणजे शंभरातले चौदाच गेले, हा हिशेब ज्याने रंधा धरला आहे त्याला कधी पटायचा नाही. त्याच कायद्यात आणखी एक मेख होती. कामगाराने जाणूनबुजून संरक्षक झाकण काढले असेल, तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून इतर इजेची भरपाई नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती मेख राहिली. म्हणून झाकण कोणी काढले आणि कोणाच्या डोळ्यांदेखत काढले, यावरच आमची निम्मी प्रकरणे अडतात. बोट कापले गेल्यावर साक्षीदार फार थोडे सापडतात. त्यांनाही उद्या त्याच करवतीवर उभे राहायचे असते. म्हणून आम्ही पोरांना सांगतो, झाकण नसेल तर अपघाताआधी तसे लेखी द्या आणि पोच घ्या.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या गृहस्थाने १९९९ मध्ये अशी करवत बनवली की कातडीचा स्पर्श होताच पाते सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात थांबते. बोटाला ओरखडा येतो, इतकेच. २००४ पासून ती विकली जाऊ लागली. आमच्या ओळखीच्या एका वखारवाल्याने किंमत ऐकली आणि चहा मागवला.

आता आपणां सर्वांच्या उपयोगाची एक गोष्ट. तुटलेले बोट टाकू नका. १९६५ मध्ये जपानात नारा येथे कोमात्सु आणि तामाई या शल्यविशारदांनी पूर्ण तुटलेला अंगठा परत जोडला, आणि आज मोठ्या शहरांत हे काम होते. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. बोट ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती बंद पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवले तर ते फुकट जाते. हळद, चुना, काही लावू नका. पिशवीवर अपघाताची वेळ लिहा. डॉक्टर आधी तीच विचारतात.