दुहेरी सह्या



कामगार संघटनेच्या माणसाने संगणकाच्या आज्ञावलीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण ती लिहिणारी मुलेमुलीही कामगारच आहेत, आणि त्यांच्या हत्याराची चौकशी करणे माझ्या धंद्यात बसते.

जावा ही भाषा १९९५ साली आली. तीत ‘क्लास’ म्हणजे साचा, आणि ‘इंटरफेस’ म्हणजे करार: अमुक कामे मी करीन, हे साच्याचे वचन. एका साच्यापासून दुसरा काढला, की पालकाचे करार मुलाला आपोआप लागू होतात. युनियनने करारावर सही केली म्हणजे प्रत्येक सभासदाला पुन्हा अंगठा उठवावा लागत नाही, तसेच हे.

आता २००१ साली खुले झालेले एक्लिप्स घ्या. नवा क्लास काढताना ते एक खिडकी पुढे करते: नाव सांगा, पालक सांगा, करार सांगा. पालकाच्या जागी ‘ऑब्जेक्ट’ हा सर्वांचा मूळ पुरुष आधीच लिहिलेला असतो. आणि गंमत अशी, की तयार मजकुरात तो उतरत नाही, कारण तो गृहीतच आहे. म्हणजे एवढी अक्कल यंत्राला आहे! मग पालकाचाच करार आपण खाली पुन्हा भरला, तर ते मुकाट्याने का उतरवून घेते? वंशावळ तर त्याच्या हाताशी असते. फालतू कराराचा इशारा देण्याची सोयही त्यात आहे, पण ती मुळात बंद ठेवलेली.

एका ओळीने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. उद्या पालकाने करार सोडला, तर मुलाच्या गळ्यात तो तसाच राहतो. तो मुद्दाम बांधला की नकळत, हे पाच वर्षांनी आलेल्या नव्या पोराला कळत नाही. ते बिचारे ओळ काढायलाही भिते, आणि ठेवली तर वरिष्ठांची बोलणी खाते.

उलट बाजूही आहे. जावाच्या स्वतःच्या भांडारातला ‘अ‍ॅरेलिस्ट’ हा ‘लिस्ट’चा करार पुन्हा जाहीर करतो, पालक ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्टलिस्ट’ने तो केलेला असूनही. वाचणाऱ्याला एका नजरेत कळते, एवढा त्याचा उपयोग. शिवाय चालत्या कामात क्लासला ‘तुझे करार कोणते?’ असे विचारले, तर तो स्वतः जाहीर केलेलेच सांगतो. म्हणून यंत्राने परस्पर ओळ खोडू नये. करार निवडताक्षणी खिडकीतच विचारावे: हा पालकाकडून आलेला आहे, तरी लिहू का? उत्तर ‘नको’ असे धरून ठेवावे, पण बदलण्याची मुभा माणसाला असावी. आणि करार भरून झाल्यावर कोणी पालक बदलला, तर ही तपासणी पुन्हा व्हावी. अर्ज खालून वर भरणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.