घरापासून दूरचा सण



मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. व्यासपीठापेक्षा कारखान्याच्या फाटकापुढे बोलण्याची सवय अधिक. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता दोन गोष्टी ऐकून घ्याव्यात, एवढीच विनंती.

पहिली गोष्ट आपल्या घोलवडच्या दाराशीच आहे. बोर्डीच्या पूर्वेला बहरोटचा डोंगर आहे. संजाण पडल्यावर आपला पवित्र अग्नी, इराणशाह, या डोंगरातल्या लेण्यांत १२ वर्षे जपला, असे पारशी परंपरा सांगते. आज तो उदवाड्याला आहे. इतरांना त्यात श्रद्धा दिसते. मला पाळीही दिसते. असा अग्नी दिवसातून पाच वेळा विधिपूर्वक जोपासावा लागतो. एकटा माणूस किती जागणार? एक निजला की दुसरा उठत असला पाहिजे.

दुसरी गोष्ट माझ्या पाहण्यातली. तलासरीकडचा एक वारली मुलगा वसईजवळ एका कारखान्यात लागला. चौघांच्या खोलीत राही. आश्विन वद्य द्वादशीला त्याच्या पाड्यावर वाघबारस. त्या दिवशी वाघदेवाची पूजा. त्याने रजा मागितली. उत्तर मिळाले, "हा सण यादीत नाही." मुलगा मुकाट्याने परतला. रात्री खोलीतच दिवा लावून त्याने नारळ फोडला. सोबत्यांनी प्रसाद घेतला. आठदहा दिवसांनी खोलीतल्या बिहारी कामगाराची छठ आली. संध्याकाळी मावळत्या आणि पहाटे उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायचे, आणि मध्ये रात्रपाळी! ती पाळी या वारली मुलाने केली. मला म्हणाला, "काका, माझा सण हुकला. त्याचा कशाला हुकवायचा?"

मला आनंद झाला, आणि लाजही वाटली. कारण त्या यादीवर आमच्याच संघटनेची सही होती. ती करताना त्या मुलाला आम्ही विचारलेच नव्हते!

दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे वर्षाला ८ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेले चार सण मालक व कामगारांनी वर्षारंभापूर्वी संमतीने ठरवायचे. कारखान्यांत हे काम करार करतो. परंतु संमती म्हणजे केवळ ज्यांची डोकी जास्त त्यांचे सण नव्हेत. पुढच्या करारात आम्ही एक मोकळी सुट्टी लिहून घेतली. ज्याने त्याने ती आपल्या सणाला घ्यावी.

आपल्या वाड्यांत, दुकानांत, घरांत राबणारी कितीतरी माणसे आपापल्या घरापासून दूर आहेत. त्यांना आपला फराळ जरूर द्या. पण "तुझा सण कधी?" हेही विचारा, आणि त्या दिवशी त्याच्या कामाची पाळी आपण उचला. मग तो घरी जाऊ शकेल. नाहीतर निदान खोलीत स्वस्थपणे दिवा तरी लावील.