साथीचा पियानो
चेंबर संगीत म्हणजे मोजक्या वादकांनी, प्रत्येकाने आपली स्वरावली एकट्याने सांभाळत, बहुधा संचालकाविना सादर केलेले पाश्चात्त्य अभिजात संगीत होय. लंडनमधील त्याचे प्रमुख केंद्र असलेले विगमोर हॉल १९०१ साली बेखस्टाइन या जर्मन पियानो कंपनीने उभारले. व्हायोलिनवादकाप्रमाणे आपले वाद्य सोबत नेता येत नसल्याने पियानोवादकाला त्या त्या सभागृहातील पियानोशी अल्पावधीत जुळवून घ्यावे लागते, शिवाय गायकाचा श्वास ओळखून तंतुवाद्ये झाकोळणार नाहीत इतपतच नाद राखावा लागतो, आणि हे काम एकलवादनाहून सोपे मुळीच नाही. विख्यात साथीदार जेराल्ड मूर यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाच्या शीर्षकातच आपला आवाज फार मोठा होतो का, असे विचारले आहे. मैफली नसतात तेव्हा अशा वादकांपैकी अनेकांचा चरितार्थ शिकवण्यांवर आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षांना साथ करण्यावर चालतो.